पोर्ट क्लांगची रिकामी गाडी

पूर्णा, ता. भिवंडी
२३ जानेवारी २०२५

प्रिय चंद्रा,

ताईचे आशीर्वाद. ते नको असतील तर नुसती आठवण केली असं समज. तू बरी असशील, तुझे मिस्टर बरे असतील आणि तुझ्या टाचेचं दुखणं कमी झालं असेल अशी आशा करते. आम्ही सगळे सुखरूप आहोत. क्रूझवरून येऊन पाच आठवडे झाले. वहिनीला अजूनही मधूनच पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटते म्हणे. दादाच्या भाविकचे जहाजावरचे फोटो गावात घरोघरी दाखवून झाले. आता तो कोणाच्या ओट्यावर बसला की लोक कामं काढून उठतात.

फोनवरच लिहिलं असतं. पण त्या दिवसापासून मी तुला सहा मेसेज पाठवले, सहाही मेसेजांपुढे दोन निळ्या खुणा आल्या आणि उत्तर आलं नाही. कागदावर निळी खूण येत नाही. तू वाचलंस की नाही हे मला कळणार नाही, ते एका परीने बरं. पोस्टातली बाई म्हणाली, मलेशियाला पंधरा दिवस लागतात, कधी महिनाही लागतो. कॉन्व्हेंटमध्ये आपल्याला शिकवलं होतं, पत्राला बसण्याआधी तीन मुद्दे मनात ठरवावेत. मी ठरवून बसले होते. पहिला आत्ताच हातातून निसटला.

इथे थंडी बरी आहे. आपल्या घराच्या तिन्ही बाजूंना आता गोदामं झाली आहेत. सकाळी कंटेनर वळायला लागले की मांडणीतल्या कपबश्या वाजतात. खाडीकडचं आयचं शेत तेवढं मोकळं उरलंय. यंदा दादाने तिथे भात लावलं होतं, खाऱ्या पाण्याने निम्मं गेलं, निम्मं आलं. बांधावरची चिंच आहे अजून. त्या शेताबद्दल पुढे लिहायचं आहे, म्हणून आत्ता इतकंच.

आधी त्या दिवसाचं सांगते. तुला मी मेसेजमध्ये 'गोंधळ झाला, गाडी चुकली' असं लिहिलं होतं. ते खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही, आणि नक्की किती खरं आहे हेच मला पाच आठवडे ठरवता येत नाहीये.

तू पाठवलेल्या सूचना मी डायरीच्या पानावर मोठ्या अक्षरांत उतरवून घेतल्या होत्या. जहाजाच्या धक्क्यावरून टॅक्सीने पोर्ट क्लांग स्टेशन. तिथून क्वालालंपूरची गाडी, दर तासाला एक. मधल्या गुलाबी डब्यात बसायचं, तो बायकांचा. सव्वा तासाने के. एल. सेंट्रलला उतरायचं. बाहेर पडलं की कॉफीच्या दुकानासमोर गोल खांब, तिथे तू दहापासून साडेबारापर्यंत उभी राहणार. त्यानंतर तुला दवाखान्यात ड्युटी. तू असंही लिहिलं होतंस की जहाजापाशी मी येणार नाही, दादाचं तोंड बघायची माझी तयारी नाही, तू एकटी ये. ते वाक्य मी डायरीत उतरवलं नाही. पाठ झालं होतं.

सकाळी बाकीचे सगळे फिरायच्या बसमध्ये चढले. मला टॅक्सीत दादानेच बसवून दिलं. खिडकीतून वाकून त्याने ड्रायव्हरला हिंदीत सांगितलं, संभालके ले जाना. ड्रायव्हर चिनी म्हातारा होता, त्याने मान डोलावली. माझ्या मांडीवर पर्स आणि पायाशी पिशवी. पिशवीत जवळ्याची चटणी होती, तुझ्यासाठी. तीन पिशव्यांत बांधूनही तिचा वास आमच्या केबिनमध्ये चार दिवस होता. केबिन आवरायला येणारा फिलिपिनो मुलगा रोज नाक वर करून हसायचा आणि म्हणायचा, मॅडम, माझी आईपण असंच करते.

स्टेशन छोटं, शांत. रूळ तिथेच संपतात. तू लिहिलं होतंस, गाडी तिथूनच सुटते, चुकायला जागाच नाही. चंद्रा, चुकायला जागा नेहमी असते.

मी तिकीट काढून फलाटावर गेले तेव्हा साडेनऊची गाडी उभी होती. दारं उघडी, आतून गार हवा बाहेर येत होती, आणि आत माणूस नाही. गुलाबी डब्यात एक कॉलेजची मुलगी फोनमध्ये मान घालून बसलेली, बस्स. मी त्या गाडीकडे बघितलं आणि समोरच्या बाकावर जाऊन बसले.

तुला हसू येईल किंवा राग येईल. मला वाटलं, ही अजून भरायची आहे. धामणकर नाक्यावर मी पस्तीस वर्षं शाळेच्या नोकरीला जायला शेअर रिक्षा धरली. रिकाम्या रिक्षात आधी जाऊन बसणारा वेडा असतो हे तिथलं पहिलं शहाणपण. आत बसून उकडून निघायचं, आणि रिक्षावाला 'एक सीट, एक सीट' ओरडत बाहेर उभा. म्हणून सगळे लांब सावलीत उभे राहतात, चार डोकी जमली की मग जाऊन बसतात. माझं डोकं आपोआप तसंच चाललं. एवढी मोठी गाडी, इतकी रिकामी, म्हणजे वेळ आहे.

फलाट झाडणारी एक बाई होती, डोक्याला रुमाल. ती माझ्यापाशी येऊन म्हणाली, "केएल, आंटी? धिस वन." मी तिला इंग्रजीत सांगितलं की हो, ठाऊक आहे, पण अजून कोणी आलेलं नाही. तिला काही कळलं नसावं. तिने गाडीकडे पुन्हा बोट केलं, मी पुन्हा हसून मान हलवली. मग दारं मिटली आणि गाडी त्या एका मुलीला घेऊन निघून गेली.

मी उठूनही उभी राहिले नाही. इतकं नवल वाटलं. कोणाचीही वाट न बघता, वेळ झाली म्हणून, रिकामी गाडी निघून जाते.

तेव्हा मला आपला टांगा आठवला. होस्टेलमधून महिन्यातल्या एका शनिवारी आपण कल्याणहून एस.टी.ने भिवंडीला यायचो, आणि स्टँडवरून गावापर्यंत सावळारामचा टांगा. सहा माणसं झाल्याशिवाय तो घोडा हलवायचा नाही. आपण दोघी, निळे फ्रॉक, पांढरे मोजे, मागच्या फळीवर. पंधरा मिनिटं झाली की तू म्हणायचीस, ताई, आपण चालत जाऊ. मी म्हणायचे, थांब, भरेल आता. आणि एक दिवस तू उडी मारून उतरलीस आणि दप्तर घेऊन चालायला लागलीस. आठ वर्षांची होतीस. मी तुझ्या मागे आले नाही, कारण टांग्याचे पैसे आधीच दिले होते आणि बाबा रागावतील असं मला वाटलं. मी घरी पोचले तेव्हा तू ओट्यावर पाय हलवत बसली होतीस. आय तुला मारत होती आणि मारता मारता हसत होती.

पुढे तू नर्सिंगला गेलीस, आपल्यातला नसलेला माणूस पसंत केलास, बाबांनी दार लावलं, तरी तू निघालीस. मी फळीवरच बसलेली होते.

हे सगळं मी बाकावर बसून आठवत होते. तुला पहिला मेसेज केला, गाडी चुकली, पुढच्याने येते. तू लगेच लिहिलंस, हरकत नाही ताई, सावकाश ये, मी आहे. इथपर्यंतचं सगळं खरं आहे. इथपर्यंत मी खरोखर गोंधळले होते.

आता पुढचं लिहायला मध्ये उठून चहा करून आले.

साडेदहाची गाडी आली. तीही रिकामी. या वेळी मला ठाऊक होतं की ती थांबणार नाही. झाडणारी बाई लांबून माझ्याकडे बघत होती. मी उठले, दारापर्यंत गेले, आणि तिकीट हातात असावं म्हणून पर्स उघडली. तिकिटाच्या मागे पाकीट होतं.

पाकिटाचं सांगते. क्रूझचं ठरलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता की मी कोणालाच काही विचारलं नाही. शाळेच्या जुन्या मुलींच्या ग्रुपवर तुझा नंबर मिळाला, आपण बोलायला लागलो, आय गेल्यानंतर अकरा वर्षांनी, आणि महिन्याभरात दादा म्हणतो, सिंगापूरहून जहाज आहे, ते चंदीच्या गावापाशी थांबतं, तूही चल. मला वाटलं, दादा म्हातारा झाला, त्याचं मन विरघळलं. त्याने माझा पासपोर्ट काढून दिला, गुडघ्याला पट्टा आणला. दादा वाईट नाही, चंद्रा. तुला हे वाचून राग येईल, तरी लिहिते.

पोर्ट क्लांगच्या आदल्या दिवशी जहाजावर नाश्त्याला बसलो होतो. वहिनी पपई आणायला गेली, आणि दादाने ते पाकीट माझ्या बशीशेजारी ठेवलं. आयच्या शेताच्या सातबाऱ्यावर आपल्या तिघांची नावं होती. माझं मी दहा वर्षांपूर्वीच काढून दिलं. भावाने बोलावलं, कचेरीत गेले, दाखवलं तिथे सही केली, आणि घरी आल्यावर त्याने मला पाटावर बसवून साडी दिली. बहिणी असंच करतात, माहेर उघडं राहावं म्हणून. माझं तर लग्नच झालं नाही, माहेराशिवाय मला दुसरं घरच नाही. राहिलं तुझं नाव. गोदामवाल्यांना सगळं शेत सलग हवं आहे आणि तुझ्या सहीवाचून अडलंय.

दादा म्हणाला, "तुजं आयकंल ती. माजं न्हाय आयकायची. गप्पा मार, जेवा, मंग कागद काढ."

मी विचारलं, तिला आधी सांगू का? तो म्हणाला, आधी सांगितलंस तर ती येईल का?

तेव्हापासून मला कळत नाही, त्याने जहाजावर मला नेलं की त्या पाकिटाला. तू म्हणशील पाकिटाला. पण मग गुडघ्याचा पट्टा कशाला आणला? मी खरंच विचारतेय. 

तर ती साडेदहाची गाडी. मी एक पाय आत ठेवला होता. आणि माझ्या डोळ्यांसमोर आलं की तू खांबापाशी उभी आहेस, मी तुला जवळ घेतेय, आणि दोघींच्या मधे ही पर्स आहे. मी पाय मागे घेतला. दारं मिटली. पहिली गाडी चुकली होती. दुसरी मी सोडली.

आणि बाकावर येऊन तुला लिहिलं, पुन्हा चुकली, गोंधळ झाला.

या वेळी तुझं उत्तर बऱ्याच वेळाने आलं. ते मी पुसलेलं नाही. तू लिहिलंस, "तुझा गोंधळ दर वेळी दादाच्या सोयीचाच कसा असतो, ताई?"

तुला पाकिटाची कल्पना होती की नव्हती, मला माहीत नाही. मी धरून चालते की तू आयबद्दल बोलत होतीस. म्हणून आता तेही लिहिते.

आय गेली तेव्हा मी तुला सांगितलं होतं की नंबर लागत नव्हता, परदेशाचा कोड मी चुकीचा फिरवत होते. माझी भाषा अशी होती की तुला माझीच दया यावी. चंद्रा, नंबर मी लावलाच नव्हता. दादा म्हणाला होता, तेरावं होऊ दे, ती आली तर गाव पुन्हा जुनं उकरून काढील. मी मान हलवली. शेवटच्या दोन दिवसांत आयने तुला दोनदा विचारलं. म्हणाली, "चंदी आली काय गं?" मी सांगितलं, निघाली आहे आय, गाडीत बसली आहे. ती म्हणाली, मंग हाय तोवर मी. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही मी तेच सांगितलं.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

साडेअकराच्या गाडीत मी सगळ्यांत आधी चढले. पाऊण तास आधी आलेल्या त्या रिकाम्या डब्यात एकटी बसून राहिले. झाडणारी बाई खिडकीपाशी आली आणि तिने काचेवर दोन बोटांनी टकटक केलं, शाब्बास म्हटल्यासारखं. वाटेत एकेक स्टेशनला बायका चढत गेल्या. शहर येईपर्यंत डबा भरला होता. मी सारखी घड्याळ बघत होते. मोजून पंधरा मिनिटं उशीर होणार होता आणि मला वाटत होतं, ती थांबेल, नेहमी थांबते. मग आठवलं, नेहमी थांबते ती मी.

सेंट्रलला इतकी माणसं, इतके जिने, वर-खाली जाणारे, की मला कॉफीचं दुकान तीनदा दिसलं आणि तिन्ही वेगळी होती. शेवटी खांब सापडला. तू नव्हतीस. मी तिथे उभी राहिले, तू उभी असशील तशी, आणि तुला कुठल्या बाजूने मी येताना दिसले असते ते बघत राहिले.

दुकानातली मुलगी बाहेर आली. माझ्या तोंडाकडे टक लावून बघून म्हणाली, "यू आर द सिस्टर." तिने आतून कापडी पिशवी आणून दिली. म्हणाली, ती बाई सांगून गेली, माझ्यासारखी दिसणारी एक जण येईल, रडत येईल, तिला दे. मी तोपर्यंत रडत नव्हते.

पिशवीत आयचा डबा होता. झाकणावर कोरलेलं 'सौ. बायजाबाई पंढरी तरे', पंढरीच्या अनुस्वारापाशी पोचा पडलेला. तो डबा आम्ही घरात किती शोधला होता. तो तू घेऊन गेलीस हे मला छत्तीस वर्षांनी कळलं. आत तांदळाच्या तीन भाकऱ्या, गार झालेल्या, पण मऊ. कडेला बोटांचे ठसे. तू अजून आयसारखीच थापतेस, शेवटचा फेरा अंगठ्याने.

परतीच्या गाडीत गुलाबी डब्यात बसून मी त्या जवळ्याच्या चटणीबरोबर खाल्ल्या. तिन्ही. शेजारची बाई आधी सरकून बसली आणि नंतर तिनेच विचारलं, कुठून आणलं हे? मी म्हटलं, भाकरी इथली, चटणी तिथली. 

जहाजाच्या जिन्यापाशी दादा उभा होता. बाकीचे आत गेले होते, तो एकटाच बाहेर थांबलेला. मला वाटलं, सहीचं विचारणार. त्याने आधी विचारलं, "जाडी झाली काय गं ती?"  मी म्हटलं, भेट झाली नाही, गाडी चुकली, गोंधळ झाला. तो म्हणाला, तुला एकटीला धाडायलाच नको होतं. आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. डबा त्याने बघितला. नाव वाचलं. केबिनपर्यंत पिशवी छातीशी धरून चालला. मी म्हणूनच गोंधळते, चंद्रा. माणूस एका बाजूने दिसला तर मला ठरवता आलं असतं.

तरी काल सकाळी मी पाकीट त्याला परत दिलं. ओट्यावर तो पेपर वाचत होता. मी म्हणाले, "दादा, पोर्ट क्लांगला मी गोंधळले नव्हते. दुसरी गाडी मी मुद्दाम सोडली. हे मी चंदीकडे नेणार नाही." आयच्या वेळचंही बोलले, त्याच्या तोंडावर, की नंबर मी लावला नव्हता आणि तो लावू नको असं तू म्हणाला होतास. वहिनी दारात येऊन उभी राहिली.

दादाने पेपरचं पान उलटलं. मग म्हणाला, "मंग आता तिकडंच र्‍हायला जा."

रागाने म्हणाला की नुसतं म्हणाला, मला कळलं नाही. दुपारी जेवायला त्याने मला हाक मारली नाही. रात्रीही नाही. आज सकाळी माझ्या खोलीबाहेर माझ्या औषधांची पिशवी होती, महिन्याची, नेहमीसारखी भाविककडून आणवलेली. याचा अर्थ जा असा आहे की राहा असा, तू सांग. तुला त्याच्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

सही करायची की नाही ते तुझं तू ठरव. मी कर म्हणत नाही, करू नको म्हणत नाही. एवढंच म्हणते की इथे येऊन कर किंवा इथे येऊन नाकार, चिंचेखाली उभी राहून, दादाच्या समोर. माझ्या पर्समधून नको. पुढे कधी कोणी माझ्या हातून कागद पाठवला तर मलाही विश्वासाने दारात घेऊ नकोस.

माफी मागायची होती. तो तिसरा मुद्दा होता, आठवला. पण कशाकशाची, हे लिहायला बसले तर पोस्ट बंद होईल. आयच्या त्या दोन उत्तरांची मागते. बाकीची समोर.

डबा घासून माझ्या उशाशी ठेवला आहे. आपल्याकडे कोणाचा डबा रिकामा परत देत नाहीत, हे तुला सांगायला नको. तूही ते जाणूनच ठेवून गेलीस का, की घाईत, हेही मला ठरवता येत नाही. आयच्या शेतातलं यंदाचं निम्मं आलेलं भात कांडून आणलंय. लालसर आहे, थोडं खारट लागतं. डब्यात दोन शेर बसतं. माझ्या पासपोर्टची बाकीची पानं कोरी आहेत आणि भाविकची रुचिका म्हणाली, आत्या, विमानाचं तिकीट मी काढून देते, सासऱ्यांना मी बघते. वीस फेब्रुवारी म्हणतेय. तू उत्तर दिलंस तर त्याप्रमाणे, नाही दिलंस तरी मी खांबापाशी दहापासून उभी राहीन. तुझी ड्युटी असेल तर ड्युटी संपेपर्यंत.

या वेळी विमान भरलंय की रिकामं, मी बघणार नाही.

आयसाठी गाडीत बसवून ठेवलेल्या चंदीची,
आणि आता स्वतः उठून निघालेली,

ताई